देवाला आई म्हणणारे टिळक

मैत्रिणींनो, देव कसा असतो असं लहान मुलानं विचारलं, तर आपण काय सांगतो? कुणी म्हणतं सूर्यासारखा, कुणी म्हणतं राजासारखा, कुणी म्हणतं वर बसून सगळं पाहणाऱ्या आजोबांसारखा. ‘सारखा’ म्हटल्याशिवाय आपलं पुढं सरकतच नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते सांगायचं, तर रोजच्या पाहण्यातलं काहीतरी हाताशी घ्यावं लागतं. आपल्या मराठवाड्याला ही रीत काही नवी नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी साध्यासुध्या माणसांना धर्म समजावला तो दृष्टान्त देऊन. त्यांचे शंभराहून अधिक दृष्टान्त केशिराजबासांनी ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात गोळा करून ठेवले. नरसीचे नामदेव घ्या, गंगाखेडच्या जनाबाई घ्या. जनाबाईंनी तर विठ्ठलाला थेट जात्यापाशी आणून बसवलं. दळणकांडणाला हात लावणारा देव कुणाला परका वाटेल?

हीच रीत पुढं एका माणसानं चर्चमध्ये नेली. त्यांचं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक वेगळे, हे वेगळे. यांना आपण शाळेच्या पुस्तकातून ओळखतो ते फुलामुलांचे कवी म्हणून. घायाळ होऊनही पिल्लांसाठी चारा घेऊन घरट्यात परतणाऱ्या आणि तिथेच प्राण सोडणाऱ्या पक्षिणीची त्यांची कविता कितीतरी पिढ्यांनी पाठ केली आहे. पण हे टिळक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, आणि देवाचा स्वभाव मराठी माणसाला कसा सांगावा याचा विचार त्यांनी जन्मभर केला, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नसतं.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर ब्राह्मणाचं. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते, आणि स्वभावानं फार तापट. आई जानकीबाई मात्र मायाळू, देवाधर्माची आवड असलेली. मुलाला गाण्याची, कवितेची गोडी लागली ती तिच्यामुळं. ही आई टिळक अकरा-बारा वर्षांचे असताना गेली. पोरक्या झालेल्या मुलानं घर सोडलं आणि नाशिकची वाट धरली. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, थोडं इंग्रजीही शिकले. आई नसलेलं घर आणि धाक वाटावा असा बाप, एवढी शिदोरी बरोबर होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं त्यांच्या सगळ्या भक्तीत ती आई पुन्हा पुन्हा भेटते.

1880 च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. वय अकरा-बारा. याच आपल्या लक्ष्मीबाई टिळक, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या. माहेरी वडिलांचं सोवळं कमालीचं कडक. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. टिळकांची एक नोकरी धड टिकत नसे. आज या गावी, उद्या त्या गावी. मिळालेले पैसे कुणा गरजूच्या हातावर ठेवून मोकळ्या हातानं घरी यायचं, ही त्यांची सवय. संसार ओढायचा तो लक्ष्मीबाईंनी. त्यात पोटची लहान मुलं दगावली. ही दुःखं दोघांनीही सोसली.

पुढं नागपूरला संस्कृत ग्रंथांचं काम करत असताना त्यांना राजनांदगावला नोकरी मिळाली. त्या वेळच्या एका रेल्वेप्रवासात डब्यात एक परदेशी मिशनरी भेटले, अर्नेस्ट वॉर्ड त्यांचं नाव. गप्पा सुरू झाल्या त्या संस्कृत काव्यावरून. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. घेतली आहे तर वाचू, म्हणून टिळकांनी वाचायला घेतली. मत्तयाच्या पुस्तकातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी ते आले आणि तिथं त्यांना पुस्तक खाली ठेववेना.

त्या प्रवचनात आहे तरी काय? मीठ आहे, दिवा आहे, आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं आहेत, भूक लागलेल्या पोराला भाकरीऐवजी धोंडा न देणारा बाप आहे. येशूची शिकवण अशीच घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंनी भरलेली आहे. लूकच्या पुस्तकातली एक गोष्ट तर खास आपली, बायकांची. एका बाईजवळ चांदीची दहा नाणी असतात. त्यातलं एक हरवतं. ती दिवा लावते, सगळं घर झाडून काढते, कोपरान् कोपरा धुंडाळते आणि नाणं सापडलं की शेजारणींना हाक मारून आपला आनंद सांगते. हरवलेल्या माणसाला देव असाच शोधतो, हे सांगण्यासाठी येशूनं हातात केरसुणी घेतलेली बाई निवडली. दुसऱ्या एका ठिकाणी त्यानं देवाच्या राज्याला पिठात कालवलेल्या खमिराची उपमा दिली, आणि स्वतःला पिल्लं पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची. फुलापाखरांत रमणाऱ्या, आईच्या आठवणीनं कासावीस होणाऱ्या कवीला ही भाषा का भिडली असेल, ते वेगळं सांगायला नको.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळात हे म्हणजे घरादाराला जिवंतपणी मुकणं होतं. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून संसार मोडलेला. थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी आधार दिला म्हणून त्या तगल्या. चार वर्षांहून जास्त काळ पती-पत्नी वेगळी राहिली. आपल्यासारखीनं हे चरित्र वाचताना इथं थांबायलाच हवं. ज्याला दयाळू देव सापडला, त्याच्या बायकोच्या वाट्याला त्या वेळी काय आलं? चरित्रं पुरुषांच्या बाजूनं लिहिली की एवढा भाग दोन ओळींत उरकला जातो. लक्ष्मीबाईंनी पुढं स्वतःच लेखणी हातात घेतली, म्हणून ते दिवस आपल्यापर्यंत पोचले.

टिळक अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत ते शिकवत. 1904 मध्ये त्यांना रेव्हरंड ही दीक्षा मिळाली. तिथं त्यांच्यापुढं खरा प्रश्न उभा राहिला तो भाषेचा. चर्चमध्ये जी गाणी म्हटली जात, त्यातली पुष्कळशी इंग्रजीवरून मराठीत आणलेली, चालीही तिकडच्याच. गाणारी माणसं मात्र नगर भागातल्या खेड्यांतली, बरीचशी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधली. त्यांच्या कानात जन्मापासून ओवी, अभंग, भारूड आणि एकतारीवरची भजनं. अर्थ कळत असेल, पण ओठांवर बसत नाही आणि डोळ्यांत पाणी येत नाही, अशा गाण्यांनी देव जवळ कसा येणार?

तशी ही वाट त्यांच्याआधीही कुणी चालून गेलं होतं. थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. 1616 मध्ये ते छापलंही गेलं. नगरच्या मिशनमध्येही ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा टिळकांच्या आधीपासून होती. टिळकांनी त्यात आपला जीव ओतला. त्यांनी अभंग लिहिले, भजनं रचली, कीर्तनं लिहिली. टाळ-मृदंगाला चर्चमध्ये मान मिळाला. संत तुकारामांच्या मार्गानंच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत, आणि मराठी संतांची वाणी हा आपला जुना करार आहे, असंही त्यांचं म्हणणं होतं. आज मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांची अडीचशेच्या वर गीतं आहेत.

या गीतांत देव कसा आहे? तो गुरू आहे, सखा आहे, पण सगळ्यांत जास्त तो आई आहे. वारकरी ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात, विठ्ठलाला विठाई म्हणतात. टिळकांनी त्याच मायेनं ख्रिस्ताला माउली म्हटलं. देवाला बाप म्हणण्याची सवय असलेल्या चर्चमध्ये हे थोडं वेगळं होतं. पण बायबलाला ते परकं नव्हतं. यशया नावाच्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, आई जशी लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन, अशा अर्थाचं देवाचं अभिवचन आहे. टिळकांनी नवीन देव आणला नाही. जुन्याच पुस्तकातला, फारसा कुणी न उचललेला एक शब्द त्यांनी आपल्या अंगणातल्या शब्दाशेजारी आणून ठेवला.

उपमेनं एवढा काय फरक पडतो, असं कुणाला वाटेल. मी गेली काही वर्षं नांदेड आणि लातूर भागात बचत गटाच्या बायकांबरोबर काम करते. बैठकीत कर्जाचे हप्ते, मुलींच्या शाळा, दवाखाने हे विषय तर असतातच, पण हिशेब मिटला की बोलणं देवापर्यंतही जातं. एका गटात ख्रिस्ती घरातली एक तरुण सून आहे. तिचे वडील दारू पिऊन आईला मारायचे. प्रार्थनेत देवाला बाप म्हणायची वेळ आली की आपला घसा बंद होतो, असं तिनं एकदा सगळ्यांसमोर सांगितलं. तिच्या सासूबाई शहाण्या. त्यांनी तिला टिळकांचं, ख्रिस्ताला आई म्हणणारं एक भजन शिकवलं. ते मात्र ती अगदी मोकळ्या गळ्यानं म्हणते. प्रार्थना तीच, देवही तोच. बदलला तो फक्त एक शब्द, आणि तेवढ्यानं तिला आत यायला दार मिळालं.

त्याच बैठकीत किल्लारीकडच्या एक मावशी होत्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं त्यांच्या घरातली माणसं नेली. देव राखणदार आहे असं कुणी सांगितलं की त्यांना आजही राग येतो. त्या रात्री राखण कुठं गेली, हा त्यांचा सवाल. त्याला कुणाजवळ उत्तर नव्हतं. मग मावशीच म्हणाल्या की आईचं गोष्ट वेगळी. लेकराचा ताप उतरवणं आईच्या हातात नसलं, तरी ती उशाशी बसून रात्र काढते, तसला देव असेल तर त्याच्याशी आपण बोलू. मैत्रिणींनो, ही बाई कधी शाळेत गेलेली नाही. पण कोणती उपमा सुखाच्या दिवसात शोभते आणि कोणती दुःखाचं ओझं पेलते, हे तिला बरोबर कळलं होतं.

म्हणूनच देवाविषयी बोलणाऱ्यानं ऐकणाऱ्याचं घर आधी पाहावं लागतं. ज्यांनी पाटलाचा आणि सरकारचा फक्त दराराच सोसला, त्यांना देव म्हणजे मोठा सरकार असं सांगून त्यांची भीतीच वाढायची. टिळकांच्या ऐकणाऱ्यांत अशी माणसं पुष्कळ होती. आणि बापाचा धाक म्हणजे काय, हे तर त्यांनी स्वतः लहानपणी अनुभवलं होतं. त्यांच्या तोंडी आई हा शब्द पुस्तकातून आला नव्हता.

पण शब्द कितीही गोड असला, तरी तो उच्चारणाऱ्याला त्याप्रमाणं वागावं लागतं. इथं टिळकांची कसोटी लागली ती स्वतःच्या घरात. लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या स्वतःचा धर्म आणि सोवळं घेऊनच. आता सारं टिळकांच्या हातात होतं. त्या काळचा नवरा. त्यानं हुकूम केला असता तर कुणी अडवलं असतं? तसं झालं नाही. लक्ष्मीबाईंना त्यांच्या रीतीनं वेगळं राहण्याची, वेगळं रांधण्याची मोकळीक त्यांनी दिली. धर्म बदल असा आग्रह धरला नाही. तापट स्वभाव, विसराळूपणा, पैशाचा निष्काळजीपणा, हे सगळे दोष त्यांच्यात होते आणि लक्ष्मीबाईंनी ते हसत-रडत लिहूनही ठेवले आहेत. पण या एका बाबतीत ते थांबले. आई लेकराला चालायला शिकवताना पुढं उभी राहून वाट पाहते ना, तसं.

आणि लक्ष्मीबाई आपल्या पायांनी चालत आल्या. राहुरीला असताना एकदा विचार करता करता त्यांना वाटलं की माणसामाणसांतले हे भेद देवानं केलेले असतील कसे? ते तर माणसांनीच केले. जिच्या वडिलांनी सोवळ्यापायी घर धारेवर धरलं, त्या मुलीनं त्यानंतर जातीचा विटाळ मनातून काढून टाकला आणि कुणाच्याही हातचं अन्नपाणी घ्यायला सुरुवात केली. ही पायरी त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधी ओलांडली, हे महत्त्वाचं. 1900 मध्ये त्यांनी आणि दत्तूनं बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर टिळकांचं घर म्हणजे पोरक्यांचं माहेर झालं. दुष्काळानं उघड्यावर पडलेली मुलं त्या घरात आली, वाढली. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या छावणीत राहून सेवा करत होत्या. पुढं बालकवी म्हणून नाव मिळवणारे त्र्यंबक बापूजी ठोमरे याच घरात मुलासारखे राहिले. देवाला आई म्हणणाऱ्या भजनांना या घरातल्या चुलीचा आधार होता. घरात किती तोंडं वाढली आणि पीठ किती उरलं, याचा हिशेब अर्थातच लक्ष्मीबाईंकडं!

1842 पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राच्या मराठी भागाचं संपादनही टिळकांनी केलं. 1917 मध्ये मात्र त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. नाव दरबाराचं, पण या दरबारात मानकरी आणि चाकर असा भेद नव्हता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथं सारखीच जागा होती. दरबार हा शब्द आपल्या लोकांना ठाऊक होता, फक्त त्यातला दरारा टिळकांनी बाजूला काढला. ओळखीची वस्तू घ्यायची आणि तिच्यातलं जे देवाला शोभत नाही ते गाळायचं, हे त्यांनी शेवटपर्यंत केलं. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

येशूचं चरित्र ओवीत सांगणारं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते गेले. राहिलेलं काम कुणी पुरं केलं असेल? लक्ष्मीबाईंनी. जिला लग्नापर्यंत अक्षर येत नव्हतं, त्या बाईनं साठाहून अधिक अध्याय रचले. शिवाय कीर्तनं केली, आणि 1934 पासून पुस्तकरूपानं आलेली ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीला एक अमोल ठेवा दिला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या.

मला या चरित्रातून जे घ्यावंसं वाटतं ते धर्माच्या पलीकडचं आहे. आपण कुठल्याही देवाचं नाव घेत असू, घरातल्या लेकरांना त्याचा स्वभाव सांगतो आपणच. जेवला नाहीस तर देव रागावेल, खोटं बोललास तर बाप्पा शिक्षा करेल, असं आपण सहज बोलून जातो. लेकरू ते खरं मानतं आणि मोठेपणीही देवासमोर घाबरतच उभं राहतं. त्यापेक्षा त्याच्या ओळखीचं, मायेचं काहीतरी शोधावं. शेजारची आजी असेल, गोठ्यातली गाय असेल, नाहीतर हरवलेलं नाणं शोधणारी ती दिवेवाली बाई असेल. आणि त्याला देव आईसारखा आहे असं सांगणार असू, तर त्या दिवशी त्याच्यावर हात उचलण्याआधी क्षणभर थांबावं. कारण आई कशी असते, हे ते आपल्याकडं बघूनच ठरवणार आहे.